कमी किमतीची अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार : निवड, जुळवणी आणि वादन

कमी किमतीची अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार, म्हणजे पोकळ पेटीची पण स्पीकरलाही जोडता येणारी गिटार, आणि महागडी गिटार यांच्यात जो फरक हाताला जाणवतो, त्यातला मोठा भाग लाकडाचा नसून कारागिरीच्या वेळेचा असतो. यंत्रावर अचूक कापलेले लाकूड, बऱ्यापैकी खुंट्या आणि चालण्याजोगा पिकअप (तारांच्या कंपाचा विद्युत्‌ संकेत करणारा भाग) आज स्वस्त वाद्यातही मिळतात. पण नटच्या, म्हणजे दांडीच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा योग्य खोलीपर्यंत कानसणे, सॅडलची, म्हणजे पेटीकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याची, उंची बेताची करणे, फ्रेटची, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके गुळगुळीत करणे ही कामे प्रत्येक वाद्यासाठी वेगळी आणि वेळखाऊ असतात, आणि किंमत खाली आणायची म्हटले की कारखान्याची पहिली कात्री त्यांनाच लागते. हे काम नंतर करून घेता येते, त्यातले काही घरीही करता येते, आणि ते केल्यावर तीच गिटार ओळखू येणार नाही इतकी सुधारते. म्हणून स्वस्त गिटार घेणाऱ्याने सगळे पैसे वाद्यावरच न खर्चता त्यातला एक हिस्सा जुळवणी, चांगल्या तारा आणि एक धड केबल यांच्यासाठी बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी आतली यंत्रणा समजून घ्या

या प्रकारच्या बहुतेक गिटारमध्ये ब्रिजवरच्या, म्हणजे पेटीवर तारा अडकवतात त्या ठोकळ्यावरच्या, सॅडलखाली एक पातळ पट्टी बसवलेली असते. तार कंप पावली की सॅडलवरचा दाब बदलतो आणि त्या पट्टीतला पिझो पदार्थ या बदलत्या दाबाचे रूपांतर सूक्ष्म विद्युत्‌दाबात करतो. हा गुणधर्म पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. पिझोचा संकेत फार नाजूक असतो. तो ज्या उपकरणात जाईल त्याचा रोध दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक नसेल, तर त्यातला खर्ज गळून जातो आणि आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. हे टाळण्यासाठीच गिटारच्या कडेला प्रीॲम्प, म्हणजे संकेत सबळ करणारे छोटे उपकरण, असतो, आणि त्याला बहुधा ९ व्होल्टची बॅटरी लागते.

दुसरी गोष्ट केबलच्या खोबणीची, म्हणजे जॅकची. बाहेरून ती साधी दिसली तरी आत तिला तीन संपर्कबिंदू असतात. केबलचा प्लग आत गेला की त्याचा लांब धातूचा दांडा त्यांपैकी दोन बिंदू एकमेकांना जोडतो आणि बॅटरीचे वर्तुळ पूर्ण होते. याचा अर्थ असा की प्रीॲम्पवर वेगळे बटण नसले तरी केबल हेच बटण आहे. वादन संपल्यावर केबल गिटारमध्येच राहिली, तर ॲम्प्लिफायर बंद असतानाही बॅटरी झिजत राहते. बॅटरी संपत आल्याची पहिली खूण म्हणजे जोरात वाजवलेल्या कॉर्डवर (एकत्र छेडलेल्या सुरांवर) आवाज फाटू लागतो, हळू वाजवताना मात्र तो ठीक वाटतो. तेव्हा पिकअपला दोष देण्यापूर्वी बॅटरी बदलून पाहावी.

निवड करताना

सर्वांत जास्त चर्चा होते ती वरच्या फळीची, म्हणजे टॉपची : एकसंध लाकूड हवे की थरांचे लॅमिनेट. एकसंध स्प्रूसचा टॉप अधिक मोकळेपणाने कंप पावतो आणि केबल न लावता वाजवताना त्याचा आवाज बहुधा अधिक भरदार येतो, यात शंका नाही. फेंडरच्या सीडी-६०एससीईसारख्या कमी किमतीच्या गिटारमध्येही असा टॉप मिळतो. पण ज्यांचा मुख्य उपयोग ध्वनिक्षेपकातून वाजवण्याचा आहे, त्यांनी लॅमिनेटला कमी लेखू नये. गिब्सनने १९५४ मध्ये आणलेल्या जे-१६०ई या गिटारमध्ये स्पीकरच्या आवाजाने पेटी घुमू नये म्हणून टॉप मुद्दाम प्लायचा वापरला गेला, आणि जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांनी तीच वापरली. लॅमिनेट हवेतल्या ओलाव्याच्या चढउतारालाही अधिक सोसते. प्रवास, उघड्यावरचे कार्यक्रम आणि वातावरणावर नियंत्रण नसलेली खोली हे ज्यांचे वास्तव आहे, त्यांना ते अनेकदा अधिक सोयीचे पडते.

आकाराबाबत निर्णय सोपा आहे. ड्रेडनॉट हा मोठा आकार कॉर्ड वाजवत गाणाऱ्याला भरपूर खर्ज देतो, पण ध्वनिक्षेपकासमोर तोच खर्ज घुमण्याची शक्यताही वाढवतो. कॉन्सर्टसारखा मध्यम आकार बोटांनी वाजवणाऱ्याला आणि लहान चणीच्या वादकाला सोयीचा असतो. यामाहाच्या १९८७ पासून चालत आलेल्या एपीएक्स मालिकेसारखी पातळ पेटी केबलशिवाय थोडी अशक्त वाटते, पण मंचावर आटोक्यात राहते. वरच्या, म्हणजे पेटीजवळच्या, फ्रेटपर्यंत जाणार असाल तरच कटअवेला (हात पोचावा म्हणून कापलेल्या पेटीच्या कोपऱ्याला) महत्त्व द्या.

प्रत्यक्ष वाद्य हातात आल्यावर तपासणी पुढील क्रमाने करावी. प्रथम गिटार डोळ्यांच्या रेषेत धरून हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, ब्रिजकडे पाहावे. नेक (गिटारची दांडी) एका बाजूला पिळलेला दिसला तर ती गिटार तिथेच परत करावी, कारण पीळ जुळवणीने जात नाही. नंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवावी. एखाद-दुसऱ्या फ्रेटवरच खरखर येत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट वर आलेला असतो. पातळ कागदाचा तुकडा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहावा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. ब्रिजमधून सॅडल किती वर आले आहे तेही पाहावे. ते सुमारे ३ मिलिमीटर तरी वर असेल तर पुढे उंची कमी करायला वाव उरतो. सॅडल आधीच ब्रिजला टेकत आले असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर नेकचा कोनच बिघडलेला आहे, आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीच्या बाहेर जाऊ शकतो. जुने वाद्य घेताना ही एक गोष्ट न पाहिल्याने पुढे फार मनस्ताप होतो.

यानंतर केबल लावून वाजवल्याशिवाय खरेदी पक्की करू नये. सहाही तारा एकेक करून सारख्या जोराने छेडाव्यात आणि त्यांचा आवाज स्पीकरमधून सारखा येतो का, हे ऐकावे. एखादी तार दबलेली असेल तर सॅडल आणि खालची पट्टी यांचा संपर्क असमान आहे. हा दोष सुधारता येतो, पण तो असल्याचे आधी कळलेले बरे. प्लग हलकेच फिरवून कडकड येते का, प्रीॲम्पचे प्रत्येक बटण पूर्ण फिरवताना आवाज तुटतो का, अंगभूत ट्यूनर योग्य सूर दाखवतो का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात.

पहिले काम : नव्या तारा

कारखान्यातून आलेल्या तारा बहुधा महिनोन्‌महिने वाद्यावर चढलेल्या असतात, म्हणून त्या बदलल्याखेरीज गिटारविषयी मत बनवू नये. पहिली तार ०.०१२ इंचाची आणि सहावी ०.०५३ इंचाची असा संच बहुतेक मोठ्या गिटारना मानवतो आणि सुरात लावल्यावर त्याचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोंच्या घरात जातो. बोटे नवी असतील तर ०.०११ किंवा ०.०१० पासून सुरू होणारा संच घ्यावा. आवाज किंचित बारीक होतो, पण सराव टिकतो, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. फॉस्फर ब्राँझच्या तारांचा आवाज उबदार, तर ८०/२० ब्राँझचा अधिक झगझगीत असतो. पिझोचा आवाज मुळातच कडक असल्याने मी फॉस्फर ब्राँझच्या बाजूने कौल देईन.

तार चढवताना ब्रिजकडच्या टोकाकडे विशेष लक्ष द्यावे. तारेच्या टोकाचा गोल मणी छिद्रात सोडून पिन हलकेच बसवावी, आणि पिनवर अंगठा ठेवूनच तार वर ओढावी, म्हणजे मणी पिनच्या टोकाखाली न अडकता आतल्या फळीच्या कडेला घट्ट टेकतो. तो नीट टेकला नाही तर ताण वाढताच पिन उडते. खुंटीवर जाड तारांचे दोन आणि बारीक तारांचे तीन वेढे, एकाखाली एक, पुरेसे होतात. तार लावून झाल्यावर ती बोटांनी फ्रेटबोर्डपासून हलकेच वर ओढून ताणावी, पुन्हा सुरात लावावी, आणि सूर उतरणे थांबेपर्यंत हेच करावे. नव्या गिटारचा सूर टिकत नाही ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते.

जुळवणी : सर्वांत मोलाचा भाग

जुळवणीचा क्रम ठरलेला आहे : आधी नेकचा बाक, मग नट, मग सॅडल. हा क्रम मोडला तर केलेले काम पुन्हा करावे लागते, कारण आधीची प्रत्येक गोष्ट पुढच्या मोजमापावर परिणाम करते. गिटार ज्या तारांवर वाजवायची आहे त्याच तारा चढवून, ती सुरात लावूनच मोजमापे घ्यावीत.

नेकला किंचित आतल्या बाजूचा बाक लागतो, कारण तार मधल्या भागात अधिक झोका घेते आणि तिला तेवढी जागा हवी असते. पहिल्या फ्रेटवर कापो (सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा) लावावा, जिथे नेक पेटीला मिळतो त्या फ्रेटवर, म्हणजे बहुधा चौदाव्या फ्रेटवर, सहावी तार दाबावी, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहावे. साध्या कागदाच्या दोन पानांएवढी, म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट असावी. ती बरीच अधिक असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने फिरवल्याने नेक सरळ होतो. फट मुळीच नसेल आणि खालच्या, म्हणजे नटजवळच्या, फ्रेटवर खरखर येत असेल, तर उलट दिशेने फिरवून बाक वाढवता येतो. ट्रस रॉडचे टोक साउंडहोलच्या, म्हणजे पेटीवरच्या गोल छिद्राच्या, आत किंवा हेडस्टॉकवरच्या झाकणाखाली असते. एका वेळी पाव वेढ्याहून अधिक फिरवू नये, दर वेळी पुन्हा सुरात लावून मोजावे, आणि रॉड जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबून वाद्य कारागिराकडे न्यावे. ट्रस रॉड हा तारांची उंची कमी करण्याचा उपाय नाही. त्याचे काम फक्त बाक ठरवण्याचे आहे. अनेक जण हा गोंधळ करतात आणि उंचीसाठी रॉड आवळत जाऊन नेक मागे वाकवून ठेवतात.

नटची परीक्षा अशी : दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधोमध तार दाबून ठेवावी आणि पहिल्या फ्रेटवर टकटक करून पाहावे. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट असेल तर खाच योग्य आहे. फट ठळक दिसत असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर बोटांना नाहक जोर लावावा लागतो आणि तिथले सूर चढे लागतात. शिकणाऱ्याला एफची बार कॉर्ड (एकाच बोटाने सर्व तारा दाबून धरायची) वर्षभर छळते, त्यात बोटांच्या दुबळेपणापेक्षा उंच नटचा वाटा अनेकदा मोठा असतो. पहिल्या फ्रेटवर कापो लावून तीच पकड एक फ्रेट पुढे सरकवून वाजवावी. ती एकाएकी सोपी झाली तर दोष नटचा आहे असे समजावे. खाचा कानसायला तारेच्या जाडीच्या खास कानशी लागतात आणि एक घासा जास्त गेला तर मोकळी तार खरखरू लागते, म्हणून हे एक काम मी अनुभवी कारागिराकडून करून घेण्याचा सल्ला देतो.

आता सॅडल. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे ॲक्शन. सहाव्या तारेखाली २.४ आणि पहिल्या तारेखाली १.६ ते १.८ मिलिमीटर हे बहुतेक वादकांना मानवणारे माप आहे. स्वस्त गिटारमध्ये ते सुरुवातीला ३ मिलिमीटरच्या वर सापडणे मुळीच नवलाचे नाही. बारावा फ्रेट नट आणि सॅडल यांच्या बरोबर मध्यावर असल्याने तिथली उंची अर्धा मिलिमीटर कमी करायची तर सॅडल एक मिलिमीटरने कमी करावे लागते. हा हिशेब कागदावर मांडूनच पुढे जावे.

तारा सैल करून पिना काढाव्यात आणि सॅडलभोवती कापड गुंडाळून ते पकडीने सरळ वर ओढून काढावे. खाचेच्या तळाशी पिझोची पट्टी दिसेल. ती ओढू नये, वाकवू नये, फक्त कोरड्या ब्रशने तिच्यावरची धूळ झटकावी. जितके कमी करायचे तितक्या उंचीवर सॅडलच्या बाजूने टोकदार पेन्सिलने रेघ मारावी. नंतर काचेच्या सपाट तुकड्यावर १८० क्रमांकाचा पॉलिश पेपर चिकटवून सॅडलचा फक्त तळ त्यावर घासावा, वरची कमान नाही. घासताना सॅडल हातात नकळत कलते आणि तळाला गोलाई येते. ते टाळण्यासाठी त्याला चौकोनी लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा आणि दर दहा-बारा घाशांनंतर तळ पोलादी पट्टीच्या कडेला लावून उजेडासमोर धरावा. पट्टी आणि तळ यांच्या मधून उजेडाची रेघ कुठेही दिसता कामा नये. केबल न लावणाऱ्या गिटारमध्ये या सपाटीत थोडी उणीव खपून जाते. इथे मात्र तळ जिथे पट्टीला टेकत नाही, तिथल्या तारेचा आवाज स्पीकरमधून दबलेला येतो. रेघेच्या थोडे अलीकडेच थांबावे, सॅडल बसवून, तारा सुरात लावून मोजावे, आणि गरज असेल तर पुन्हा काढून घासावे. काढलेले प्लॅस्टिक किंवा हाड परत चढवता येत नाही, म्हणून मूळ सॅडल जपून ठेवून त्याच मापाचे दुसरे घासणे अधिक शहाणपणाचे.

बसवल्यावर सॅडल खाचेत बोटाने दाबल्यावर जाईल इतके मोकळे, पण डुलणार नाही इतके घट्ट हवे. फार घट्ट बसलेले सॅडल पट्टीवर पूर्ण दाब देऊ शकत नाही, आणि सैल बसलेले तारांच्या ओढीने पुढे झुकते. तारा सुरात आल्यावर सहाही तारांचा आवाज पुन्हा स्पीकरमधून तोलून पाहावा. नवीन सॅडल बसायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे किंचित फरक असल्यास लगेच ते उचकटू नये.

शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसते टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहावा. दोन्ही जवळपास जुळले तर स्वरस्थाने ठीक आहेत. दाबलेला सूर सगळ्याच तारांवर चढा येत असेल तर ॲक्शन अजून उंच आहे किंवा बोट जास्त दाबले जात आहे.

स्पीकरला जोडताना

केबल ६.३५ मिलिमीटरच्या प्लगची, वाद्यासाठीची म्हणजे आतून आवरण असलेली घ्यावी. स्पीकरची केबल तशीच दिसते, पण तिला आवरण नसल्याने ती गुणगुण पकडते. ५-६ मीटरपर्यंतची लांबी घरगुती वापराला आणि लहान मंचाला पुरते. त्याहून दूरच्या मिक्सरपर्यंत संकेत न्यायचा असेल तर मध्ये डीआय बॉक्स लावावा. तो वाद्याच्या संकेताचे संतुलित, कमी रोधाच्या संकेतात रूपांतर करतो आणि मग लांब केबलमध्येही गोंगाट शिरत नाही. वीजजोडणीमुळे सतत घरघर येत असेल तर बॉक्सवरचे ग्राउंड तोडणारे बटण दाबून पाहावे. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, त्यात जिवाचा धोका आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये ही गिटार चालते, पण त्याचे स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग फारसा देत नाहीत आणि मधला भाग पुढे आणतात, त्यामुळे तारांची झिलई हरवते. अकूस्टिकसाठीचा ॲम्प्लिफायर, कीबोर्डचा ॲम्प्लिफायर किंवा साधी ध्वनिक्षेपण यंत्रणा अधिक प्रामाणिक आवाज देते.

जोडताना ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून केबल लावावी. गिटारवरची आवाजाची कळ तीन चतुर्थांशापर्यंत, बाकी सर्व कळा मध्यावर ठेवाव्यात, आणि मग ॲम्प्लिफायर हळूहळू वाढवावा. पिझोचा आवाज टोचरा लागतो, तो बहुतेक वेळा १ ते ३ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. म्हणून प्रथम मध्य थोडा उतरवावा, मग खर्ज गरजेपुरता कमी करावा, आणि तीव्र भागाला शेवटी हात लावावा. कळा वाढवण्यापेक्षा कमी करून आवाज घडवण्याची सवय लावून घ्यावी. एक अडचण अशी की मांडीवरच्या गिटारची पेटी तुमच्या कानाशी इतकी जवळ असते की स्पीकरचा खरा आवाज तुम्हाला कळतच नाही. दुसऱ्याला वाजवायला सांगून स्पीकरसमोर काही अंतरावर उभे राहावे, किंवा मोबाइल स्पीकरसमोर ठेवून ध्वनिमुद्रण करून ऐकावे.

घुमणे आणि त्यावरचे उपाय

मोठ्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, आणि ड्रेडनॉटमध्ये तो साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास पडतो. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्‌झचा आणि मोकळ्या पाचव्या तारेचा ११० हर्ट्‌झचा असल्याने जी आणि ए या कॉर्ड वाजवतानाच गिटार घुमू लागते, याचे कारण हेच. स्पीकरचा आवाज पेटीला हलवतो, पेटी तार हलवते, तो कंप पिकअपमधून पुन्हा स्पीकरकडे जातो आणि चक्र वाढत जाते.

पहिला उपाय जागेचा : स्पीकरच्या थेट समोर किंवा पाठ लावून उभे राहू नये, थोडे बाजूला सरकावे. दुसरा उपाय साउंडहोलवर बसणाऱ्या रबरी झाकणाचा. ते दिसायला साधे असले तरी मला सर्व उपायांत हेच सर्वांत भरवशाचे वाटते. प्रीॲम्पवर फेजचे (संकेत उलटा करणारे) बटण असेल तर ते दाबून फरक ऐकावा, आणि नॉच फिल्टर (आवाजाचा एकच अरुंद पट्टा कमी करणारी कळ) असेल तर तो घुमणारा सूर नाहीसा होईपर्यंत सावकाश फिरवावा. एवढे करूनही भागले नाही तरच खर्जाची कळ आणखी खाली आणावी, कारण तिच्याबरोबर आवाजाचा भरीवपणाही जातो.

हाताची सवय

सॅडलखालचा पिकअप तारेचा पहिला आघात फार स्पष्ट टिपतो आणि पेटीची ऊब फारशी टिपत नाही. त्यामुळे केबलशिवाय जोरकस आणि छान वाटणारे स्ट्रमिंग (सर्व तारा एका झटक्यात छेडणे) स्पीकरमधून तुटक, टोकदार ऐकू येते. यावर कोणत्याही कळेपेक्षा उजव्या हाताचा उपाय अधिक चालतो : आवाज यंत्राला वाढवू द्यावा आणि हात हलका ठेवावा. स्ट्रमिंगसाठी ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीचा पिक घ्यावा, तो तारेत खोल न रुतवता टोकाने चालवावा, आणि हात ब्रिजकडून साउंडहोलच्या नेककडच्या कडेकडे सरकवावा. तिथे आघात मऊ होतो. बोटांनी वाजवताना नखाआधी बोटाचा मांसल भाग तारेला लागू द्यावा. ब्रिजजवळ तळहाताची कड टेकवून तारा दाबल्या की पिझोतून ठसठशीत, आखूड खर्ज मिळतो आणि एकट्या गायकाच्या साथीला तो तालवाद्यासारखा उपयोगी पडतो.

डाव्या हाताबाबत एवढेच सांगतो की बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवले तर निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो. रोज १५-२० मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा तासन्‌तास बसण्यापेक्षा बोटांना लवकर तयार करतो. घट्टे पडायला काही आठवडे जातात. बोटे फारच दुखत असतील तर सर्व तारा अर्ध्या सुराने उतरवून लावाव्यात आणि पहिल्या फ्रेटवर कापो लावून वाजवावे : ताण कमी होतो आणि सूर मूळचाच राहतो. आठवड्यातला काही सराव मात्र आवर्जून केबल लावून करावा. नुसत्या पेटीच्या आवाजावर घडलेला हात पहिल्याच कार्यक्रमात गोंधळतो.

निगा

गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. हवा फार ओलसर झाली की टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि ॲक्शन वाढते. फार कोरडी झाली की फ्रेटबोर्ड आकसतो, फ्रेटची टोके हाताला खुपू लागतात आणि एकसंध टॉपला चीर जाऊ शकते. एक लहान आर्द्रतामापक केसमध्ये ठेवावा, आणि त्याच्या आकड्यानुसार सिलिका जेलच्या पुड्या किंवा गिटारसाठीचा ओलावा देणारा स्पंज वापरावा. ऋतू बदलल्यावर ॲक्शन अचानक बदलली असे वाटले तर सॅडल घासायला घेण्याआधी हा आकडा पाहावा. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नये. उष्णतेने सरस मऊ होतो आणि ताणाखालचा ब्रिज सरकू लागतो.

जॅकची चकती वापराने सैल होते आणि कडकड सुरू होते. ती बाहेरून नुसती पान्याने आवळली तर आतला जॅकही सोबत फिरतो आणि त्याच्या बारीक तारा पिळून तुटतात. साउंडहोलमधून हात घालून आतला भाग धरून ठेवावा आणि मगच चकती आवळावी. अनेक गिटारमध्ये हाच जॅक पट्ट्याची खुंटी म्हणूनही काम करतो. पट्ट्याचे भोक त्यावर घट्ट बसत नसेल तर गिटार पडण्यापूर्वीच पट्टा बदलावा. गिटार महिनाभर वाजणार नसेल तर बॅटरी काढून ठेवावी, कारण गळलेली बॅटरी प्रीॲम्पचे संपर्क गंजवून टाकते.

पुढे सुधारणेवर खर्च करायचा झाला तर क्रम असा ठेवावा : प्लॅस्टिकचे सॅडल आणि नट काढून हाडाचे बसवणे, मग पिझोचा टोचरेपणा कमी करणारा बाहेरचा प्रीॲम्प किंवा माइकवर टिपलेल्या गिटारच्या आवाजाचा ठसा वापरणारे पेडल, आणि सर्वांत शेवटी नवा पिकअप. बाहेरचे उपकरण पुढच्या गिटारलाही चालते, तर पिकअप त्याच वाद्यात अडकून राहतो. पिकअप बदलायचाच ठरला, तर जुना काढल्यावर सॅडलच्या खाचेचा तळ सपाट आहे का हे आधी तपासून घ्यावे. तो खडबडीत असेल तर महागड्या पट्टीवरही तारांचा आवाज असमानच येईल, आणि तळ सपाट करून घेतल्यावर जुनीच पट्टी पुरेशी वाटण्याची शक्यता बरीच आहे.